शुद्ध वंशाच्या जनावराला अधिक किंमत का?

सेवाग्राम व वर्धा परिसरातील पशुपालकांसाठी विचार

एकाच वयाची, एकाच बांध्याची आणि दिसावयास सारखीच तजेलदार अशी दोन जनावरे बाजारात उभी असली, तरी त्यांपैकी एकाला दुसऱ्याच्या कित्येक पट किंमत मागितली जाते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. विक्रेता सांगतो की, हे जनावर ‘असल जातीचे’ आहे. घेणारा मान डोलावतो, पण ह्या असलपणासाठी आपण जादा पैसे का मोजावयाचे, हा प्रश्न त्याच्या मनात राहतोच. कुत्र्यांच्या बाबतीत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. मुधोळ जातीच्या पिलासाठी शौकीन मनुष्य हजारो रुपये मोजतो, आणि गावच्या कुत्रीची पिले मात्र कोणी न्यावयास तयार असल्यास फुकट दिली जातात. हेच गावठी पिलू पुढे मोठे होऊन शेताची राखण मुधोळ कुत्र्याइतक्याच इमानाने करते, तरीही किमतीतील अंतर कायम राहते.

गुरांच्या बाबतीत वर्धा जिल्ह्यातील चित्र आणखी विचार करावयास लावणारे आहे. हा जिल्हा गवळाऊ ह्या नामांकित गोवंशाचे माहेर आहे. असे असूनही दुधासाठी गाय घ्यावयास निघालेला शेतकरी शुद्ध गवळाऊ गाईपेक्षा जर्सी किंवा होलस्टीन रक्ताच्या संकरित गाईला अधिक भाव देतो. म्हणजे कुत्र्यांच्या बाजारात शुद्ध वंश महाग व मिश्र वंश स्वस्त, तर गाईंच्या बाजारात मिश्र वंश महाग व शुद्ध वंश स्वस्त, असा उलटा प्रकार घडतो. ह्या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. ते ध्यानात घेतले तर शेतकऱ्याचा पैसा वाचेल, आणि जिल्ह्याचा एक मोलाचा ठेवाही वाचेल.

शुद्ध, संकरित आणि गावठी

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे, कारण ह्या बाबतीत बोलण्यात फार घोटाळा होतो. ज्या जनावरांचे रूप, बांधा, रंग व गुण परस्परांशी जुळतात आणि हे सारे त्यांच्या संततीत पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी जसेच्या तसे उतरते, अशा समूहाला वंश किंवा जात म्हणतात. महाराष्ट्रात खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ व कोकण कपिला हे असे गोवंश आहेत. अशा वंशांची शास्त्रीय तपासणी व नोंदणी करण्याचे काम हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था करते. गाई, म्हशी व शेळ्यांप्रमाणेच मुधोळ, राजपालयम व चिप्पीपराई ह्या कुत्र्यांच्या जातीही तिने नोंदल्या आहेत.

दोन निरनिराळ्या शुद्ध वंशांचा हेतुपूर्वक संयोग करून जन्माला घातलेले जनावर ते संकरित. ज्याच्या आईबापांचा ठावठिकाणा नाही आणि जे चराईच्या रानात वाटेल त्या वळूपासून निपजले, ते गावठी किंवा अवर्णित जनावर. संकरित व गावठी ही दोन्ही ‘मिश्र’ असली तरी त्यांत मोठा भेद आहे. पहिल्यामागे योजना असते, दुसऱ्यामागे केवळ योगायोग. २०१९ च्या पशुगणनेत देशातील सुमारे १९ कोटी २५ लक्ष गोधनापैकी विदेशी व संकरित गुरे सुमारे ५ कोटी भरली. उरलेल्या सुमारे १४ कोटी देशी गुरांत नामांकित वंशाची जनावरे कमी आणि अवर्णित जनावरे पुष्कळ, अशी स्थिती आहे.

किंमत नेमकी कशाची?

शुद्ध वंशाच्या जनावराच्या किमतीत चार गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगवेगळ्या करून पाहिल्या म्हणजे कोणता पैसा योग्य व कोणता वाया, हे कळते.

पहिली गोष्ट खात्रीची. गावठी कुत्रीचे पिलू मोठेपणी केवढे होईल, त्याचे केस आखूड राहतील की लांब, ते शिकारी निघेल की राखणीचे, हे सांगता येत नाही. मुधोळ पिलाबद्दल हे जन्मतःच बव्हंशी सांगता येते. गाईगुरांतही तसेच आहे. शुद्ध गवळाऊ गोऱ्हा पाहताना तो मोठेपणी पांढरा-करडा, हलक्या बांध्याचा व चपळ बैल होईल, हे जाणता शेतकरी आधीच ओळखतो. बियाण्याच्या दुकानात खात्रीच्या बियाण्याला धान्याच्या भावापेक्षा अधिक भाव का द्यावा लागतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको.

दुसरी गोष्ट खर्चाची. शुद्ध वंश राखणे म्हणजे निवड करणे, आणि निवड करणे म्हणजे पुष्कळ जनावरे नाकारणे होय. कुत्री सुमारे ६३ दिवसांत विते व एका वेतात अनेक पिले देते. तरीही योग्य नर शोधणे, माजाच्या काळात मादीला इतर नरांपासून अलग ठेवणे, पिलांना लस टोचणे आणि दोष असलेली पिले पैदाशीतून वगळणे, ह्या सर्वांना पैसा लागतो. गाय तर सुमारे २८० दिवस गाभण राहून एकच वासरू देते. वळू पैदाशीच्या कामास येईपर्यंत त्याला तीन वर्षे पोसावे लागते, आणि अनेक गोऱ्ह्यांतून एखादाच वळू म्हणून निवडला जातो. निवडलेल्या वळूच्या किमतीत न निवडलेल्यांचा चाराही मोजलेला असतो. गावठी जनावराच्या मागे असा खर्च कोणी केलेला नसतो, म्हणून ते स्वस्त मिळते.

तिसरी गोष्ट दुर्मिळतेची. मागणी पुष्कळ व जनावरे थोडी असली की भाव चढतो, हा बाजाराचा साधा नियम होय. चौथी गोष्ट हौसेची व फॅशनची. पहिल्या दोन गोष्टींसाठी दिलेला पैसा सहसा वाया जात नाही. तिसऱ्या गोष्टीसाठी दिलेला पैसा कधी कामी येतो, कधी येत नाही. चौथ्या गोष्टीसाठी पैसा देणे श्रीमंताला परवडेल, शेतकऱ्याला परवडणार नाही.

नोंदवहीने घडविलेली किंमत

खात्रीला किंमत येते ती नोंदीमुळे. इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ १७९१ साली प्रथम छापली गेली. शॉर्टहॉर्न गाईंची वंशनोंद १८२२ साली निघाली आणि कुत्र्यांसाठी लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. त्यापूर्वीही उत्तम जनावरे होतीच, पण तीन पिढ्या मागची गाय कोणती व तिचा वळू कोणता, हे परक्या गिऱ्हाइकाला कागदावर दाखविता येत नव्हते. विकणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहण्याची गरज नोंदवहीने दूर केली.

ह्याच इतिहासात सावधगिरीचा धडाही आहे. चार्ल्स कॉलिंग ह्या इंग्रज गोपालकाचा ‘कॉमेट’ नावाचा शॉर्टहॉर्न वळू १८१० सालच्या लिलावात एक हजार गिनींना विकला गेला. त्या काळी ही किंमत अभूतपूर्व होती. पुढे त्याच वंशातील ‘डचेस’ घराण्याच्या गाईंना कागदावरच्या कुळासाठी वेड्यासारखी मागणी आली, आणि १८७३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क मिल्स येथील लिलावात ह्या घराण्यातील एका गाईला ४०,६०० डॉलर मिळाले. परंतु नात्यातल्या नात्यात सतत पैदास केल्यामुळे त्या घराण्यात वंध्यत्व बळावत गेले व ते अखेर लयास गेले. नोंदवहीत केवळ कुळ लिहिले आणि गुण मोजले नाहीत, तर काय घडते, ह्याचा हा बोलका दाखला आहे.

गवळाऊचे मोल

आता आपल्या परिसराकडे वळावे. गवळाऊ गुरांचा मुलूख म्हणजे वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा हा भाग, नागपूर जिल्ह्याचा काही भाग आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी व बालाघाट. आर्वी-कारंजाच्या डोंगराळ चराईच्या पट्ट्यात नंदगवळी समाजाने हा वंश पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. ह्या वंशाच्या गाई पांढऱ्या असतात. बैलांच्या मानेवर व वशिंडावर करडी झाक दिसते. डोके लांबट व अरुंद, शिंगे आखूड व बोथट, शरीर लांब व हलके आणि गळ्याखालची पोळी मोठी असते. बैल ओझ्यापेक्षा वेगाला प्रसिद्ध आहेत. मराठ्यांच्या फौजांनी डोंगराळ प्रदेशातून सामान जलद नेण्यासाठी हे बैल वापरल्याची परंपरा सांगितली जाते. दूध मात्र बेताचे, एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे शासनाचे पशुपैदास प्रक्षेत्र असून तेथे हा वंश जोपासला जातो.

ह्या वंशाचे आंध्रातील ओंगोल गुरांशी पुष्कळ साम्य आहे. ओंगोल जनावरे मागील शतकांत ब्राझील देशात गेली आणि तेथे ‘नेलोर’ ह्या नावाने त्यांची मोठी वाढ झाली. त्यांच्या पिढ्यांची नोंद काटेकोरपणे ठेवली गेली, गुण मोजले गेले. त्याचा परिणाम असा की, २०२३ साली ‘व्हियातिना-१९’ नावाच्या नेलोर गाईच्या एक-तृतीयांश मालकीचा लिलाव झाला, तेव्हा त्या भावाने संपूर्ण गाईची किंमत चाळीस लक्ष डॉलरांहून अधिक ठरली. ह्या आकड्यातही हौसेचा व सट्ट्याचा भाग आहे, हे उघड आहे. परंतु पांढऱ्या, वशिंडाच्या भारतीय गाईला जगात मोल येऊ शकते, आणि ते नोंद व निवड ह्यांच्या जोरावर येते, एवढी गोष्ट तरी त्यावरून सिद्ध होते.

सेवाग्रामच्या दृष्टीने हा विषय नवा नाही. १९२७ साली प्रकृती सुधारण्यासाठी बंगळूर येथे मुक्काम असताना महात्मा गांधींनी तेथील इंपीरियल दुग्धसंस्थेत जाऊन गोपालनाची शास्त्रीय माहिती करून घेतली होती. १९३६ साली ते तेव्हाच्या सेगावात राहावयास आले. हे गाव १९४० पासून सेवाग्राम ह्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि येथील आश्रमाच्या जीवनात गोशाळेला मानाचे स्थान होते. १९४१ साली वर्धा येथे गोसेवा संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज ह्यांनी आपल्या आयुष्याचे अखेरचे महिने ह्याच कार्याला वाहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. ह्या सर्व कार्यामागची भूमिका अशी होती की, गाय केवळ भक्तीने वाचत नाही. तिची पैदास सुधारली, तिचे दूध व तिचे गोऱ्हे शेतकऱ्याला परवडू लागले, तरच ती वाचते. गाईच्या किमतीचा प्रश्न हा म्हणूनच गोसेवेच्या गाभ्याचा प्रश्न आहे.

मग गवळाऊ स्वस्त का?

बाजार मोजता येणाऱ्या गुणाला पैसा देतो. दूध डेअरीवर रोज सकाळ-संध्याकाळ मोजले जाते, फॅट पाहिली जाते व हिशेब हातात पडतो. त्यामुळे संकरित गाईचा गुण साऱ्या गावाला आकड्यांत दिसतो. गवळाऊचे गुण असे रोज मोजले जात नाहीत. वैशाखाच्या उन्हात ती चरते, कडबा व कुटारावर तग धरते, तिचा औषधपाण्यावर होणारा खर्च थोडा असतो, तिचा बैल चिखलात व चढावर झपाट्याने चालतो. पण ह्या गोष्टी कोणत्याच वहीत चढत नाहीत. शिवाय ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची गरज कमी झाली, आणि ज्या गुणासाठी ह्या वंशाची ख्याती होती त्याच गुणाची मागणी घटली. भरीस भर म्हणजे, बाजारात गवळाऊ म्हणून उभी केलेली गाय खरोखरच शुद्ध आहे की पांढऱ्या रंगाची गावठी आहे, हे गिऱ्हाइकाला सिद्ध करून दाखविणारा कागद सहसा नसतो. खात्री नाही म्हणून जादा किंमत नाही. जादा किंमत नाही म्हणून शुद्ध पैदास राखण्यात कोणाला रस नाही, आणि शुद्ध पैदास राखली जात नाही म्हणून खात्री आणखी कमी होते. ह्या फेऱ्यात गवळाऊ वंश सापडला आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, जे बाजाराने नाकारले ते जाऊ द्यावे. हे म्हणणे दोन कारणांनी पटण्यासारखे नाही. पहिले कारण असे की, संकरित गाईचे महत्त्व तिच्यामागे असलेल्या शुद्ध वंशांवरच उभे आहे. दोन भिन्न शुद्ध वंशांच्या पहिल्या संकरात जो जोम दिसतो, तो पुढच्या पिढीत तसाच टिकत नाही. संकरित गाय पुन्हा कोणत्याही संकरित वळूकडे गेली की वासरे नाना तऱ्हेची निपजतात. एक आजीसारखे दूध देते, दुसरे आजीसारखे दूध देत नाही आणि गवळाऊसारखे उन्हातही टिकत नाही. म्हणजे मिश्रणाचा लाभ हवा असेल, तर त्यातील मूळ घटक कोठे तरी शुद्ध स्वरूपात जपून ठेवावेच लागतात. मूळ झराच आटला, तर पाट कितीही चांगले खणले तरी पाणी कोठून येणार?

दुसरे कारण असे की, सर्व शेतकऱ्यांची परिस्थिती सारखी नसते. ज्याच्याकडे ओलिताची जमीन, हिरवा चारा, पशुवैद्याची सोय व जवळ दूधसंकलन केंद्र आहे, त्याने निश्चित वंशावळीची संकरित गाय ठेवावी. त्याला गवळाऊचा उपदेश करणे योग्य नाही. परंतु ज्याची जमीन कोरडवाहू आहे, ज्याची गुरे रानात चरतात आणि ज्याला वैरण विकत घेणे परवडत नाही, त्याच्या दावणीला भारी दुधाची गाय दोन उन्हाळ्यांत खंगते. अशा शेतकऱ्याला चांगली गवळाऊ हवी आहे, आणि ती त्याला मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

वळूसाठी मोजलेला पैसा

शुद्ध वंशाला जादा किंमत कोठे द्यावी, असा प्रश्न शेतकऱ्याने विचारला तर त्याचे उत्तर असे आहे: सर्वांआधी वळूला द्यावी. गाय वर्षाकाठी फार तर एक वासरू देते. वळू गावच्या सर्व वासरांचा बाप असतो. वळू म्हणजे निम्मा कळप, ह्या म्हणण्यातील तथ्य हेच आहे.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहावा. समजा, नोंद असलेला वळू साध्या वळूपेक्षा २७,००० रुपयांनी महाग पडला. तो वर्षाला ५० गाई भरवितो व त्यांतून ३० वासरे जगतात, असे धरले, तर तीन वर्षांत ९० वासरे होतात. वळूसाठी मोजलेली जादा रक्कम दर वासरामागे ३०० रुपये पडते. एवढीशी रक्कम चांगल्या कालवडीच्या पहिल्याच वेतात वसूल होऊ शकते. हा हिशेब एकट्या शेतकऱ्याला जमणार नाही, पण ग्रामपंचायतीने किंवा पशुपालकांच्या गटाने मिळून केला तर सहज जमेल.

गावठी गाई काढून टाकण्याचीही गरज नाही. त्यांच्यावर दर पिढीला शुद्ध गवळाऊ वळू वापरत गेल्यास पहिल्या पिढीत ५० टक्के, दुसरीत ७५, तिसरीत ८७.५ आणि चौथीत सुमारे ९४ टक्के गवळाऊ वारसा येतो. ह्याला श्रेणीवाढ म्हणतात. एका पिढीस चार-पाच वर्षे लागतात, म्हणजे हे काम अठरा-वीस वर्षांचे आहे. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. परंतु आंब्याची कलमे लावणारा शेतकरी इतकी वाट पाहतोच.

कृत्रिम रेतनाने हे काम पुष्कळ सोपे केले आहे. एका वेळच्या संकलनातून शेकडो मात्रा तयार होतात. त्या द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात वर्षानुवर्षे टिकतात. ह्यामुळे दूरच्या प्रक्षेत्रावरील निवडक वळू आर्वीच्या खेड्यातील गाईलाही उपयोगी पडू शकतो. मात्र रेतन करणाऱ्याने कोणत्या वंशाची व कोणत्या क्रमांकाच्या वळूची मात्रा वापरली, हे गाईच्या मालकाने विचारून लिहून ठेवलेच पाहिजे. ‘चांगल्या जातीची आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

ह्या सर्व प्रयत्नांवर पाणी पाडणारी एक गोष्ट गावोगाव आढळते, ती म्हणजे मोकाट फिरणारे निकृष्ट वळू. अशा वळूंना आळा घालण्यासाठी तत्कालीन मुंबई प्रांतात १९३३ सालीच पशुधन सुधारणेचा कायदा झाला होता, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत आदर्श ग्राम केंद्रे काढून चांगला वळू ठेवणे व निकृष्ट वळूंचे खच्चीकरण करणे ही दोन्ही कामे एकत्र सांगितली होती. ती शिकवण जुनी झाली तरी खोटी ठरलेली नाही. एक मोकाट वळू एका पावसाळ्यात जे नुकसान करतो, ते भरून काढावयास एक पिढी जाते.

शुद्धतेचा अतिरेक नको

ह्या विवेचनावरून शुद्ध ते सारे चांगले व मिश्र ते सारे टाकाऊ, असा समज कोणी करून घेऊ नये. गावठी जनावराला निसर्गाने निवडलेले असते. जे दुबळे होते ते उन्हात, उपासात व रोगात गेले, जे उरले ते काटक. गावच्या कुत्र्याला पशुवैद्याची गरज क्वचित भासते. त्याउलट चपट्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्यांना श्वास घेणेही कठीण जाते, कारण माणसाने केवळ रूपाच्या हौसेपायी त्यांची पैदास केली. महाग किंमत हे निरोगीपणाचे प्रमाणपत्र नव्हे.

गोपालकानेही हा धोका ओळखला पाहिजे. बापाचा लेकीशी संयोग झाला तर होणाऱ्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के येतो. एकाच वळूची, पण निरनिराळ्या गाईंची संतती परस्परांत भरविली तर तो १२.५ टक्के येतो. अशाने वासरे खुजी राहतात, मरतूक वाढते आणि गाई उलटू लागतात. म्हणून गावच्या वळूच्या मुली माजावर येण्यापूर्वी, म्हणजे साधारणपणे तीन वर्षांनी, तो वळू दूरच्या गावाला देऊन तेथील वळू आपल्याकडे आणावा. गवळाऊसारख्या थोड्या मुलखातील वंशात ही अदलाबदल विशेष अगत्याची आहे.

त्याचप्रमाणे केवळ जनावरांची संख्या राखण्याने वंश राहत नाही. देशी गोवंशासाठी २०१४ पासून राष्ट्रीय गोकुळ मिशन ही केंद्रीय योजना आहे, आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हणून घोषित करून गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज ५० रुपयांच्या अनुदानाचा निर्णय घेतला. ही मदत गाईच्या चाऱ्याला उपयोगी आहे. पण कोणती गाय कोणत्या वळूला द्यावी, कोणत्या गाईची कालवड ठेवावी व कोणता गोऱ्हा बैल करावा, ह्याचा निर्णय अनुदान करीत नाही. तो निर्णय गोठ्यात आणि गावात व्हावयाचा असतो.

ग्रामसेवकाने आणि शेतकऱ्याने काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या हाती ह्या बाबतीत फार मोठे काम आहे, आणि त्यास खर्च मात्र एका वहीचा आहे. गावातील प्रत्येक गवळाऊ व गवळाऊसारख्या गाईची नोंद करावी. गाईच्या कानातील बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो, तोच तिचा नोंदणी क्रमांक समजावा. बिल्ला नसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून घ्यावा. त्यापुढे तिची आई, तिचा वळू, भरविल्याची तारीख, वापरलेल्या वळूचा किंवा मात्रेचा क्रमांक, विल्याची तारीख, वासराचे लिंग व रंग असे रकाने ठेवावेत. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी सकाळ-संध्याकाळचे दूध मोजावे, वासराने प्यालेल्या दुधाचा अंदाज वेगळा लिहावा, आणि त्या दिवसाच्या दुधास तीसने गुणावे. वेताच्या अखेरीस ह्या महिन्यांची बेरीज केली म्हणजे गाईच्या वेताचा भरवशाचा अंदाज मिळतो. बैलजोडीच्या बाबतीत किती वेळात किती नांगरट झाली व गाडीने किती ओझे किती अंतर नेले, एवढे टिपले तरी पुरे.

जनावर विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने चार प्रश्न विचारल्याशिवाय विसार देऊ नये. हिच्या आईने किती दूध दिले? वळू कोणता होता? हिच्या बहिणी व मुली कोणाच्या गोठ्यात आहेत व त्या कशा निघाल्या? आणि हे सारे कोठे लिहिलेले आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तोंडी मिळतील, पण चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर ‘असल जाती’साठी मागितलेली जादा रक्कम बेधडक कमी करावी. उत्तर असेल, तर ती रक्कम देताना हात आखडू नये. नोंद ठेवणाऱ्या गोपालकाला बाजारात दोन पैसे अधिक मिळाले, तरच त्याचा शेजारी उद्या वही घालील.

कुत्र्याच्या पिलाला हजारो रुपये मोजणाऱ्या शौकिनाची थट्टा करणे सोपे आहे. पण तो निदान पिलाच्या आईबापांची चौकशी करतो. ज्या गाईवर घराचे दूध व ज्या बैलावर शेताची पेरणी अवलंबून आहे, त्यांच्या आईबापांची चौकशी न करता व्यवहार करणारा शेतकरी त्याच्याहून अधिक मोठी जोखीम पत्करतो. सेवाग्राम, आर्वी, आष्टी व कारंजा ह्या भागांतील प्रत्येक गावाने येत्या वर्षी एक वही घातली, एक चांगला वळू ठेवला आणि एक मोकाट वळू कमी केला, तर गवळाऊची किंमत बाजारात आपोआप चढू लागेल. वंशाला मोल येते ते त्याला राखणाऱ्यांच्या श्रमांनी, आणि ते श्रम करण्याची संधी ह्या जिल्ह्याच्या गोपालकांना आज उपलब्ध आहे.